दानम्माला सांगायचं नाही

१२ जानेवारी २०१६, मंगळवार. नांदेड

कोणाला सांगायचं नाही असं ठरवलं की मन हलकं करायला जागा उरत नाही. म्हणून ही डायरी. व्यापारी संघानं दिली होती, एरवी कोरीच राहिली असती.

शनिवारी वेळ अमावास्या, म्हणजे आमची येळवस झाली. हणमंताच्या शेतात जेवण होतं. भज्जी, उंडे, आंबिल, सगळंच जरा जास्त झालं. तेव्हापासून उजव्या बरगडीखाली दगड ठेवल्यासारखं वाटत होतं. नांदेडला लेकीकडं आलो, तर शिवगंगा म्हणाली, अप्पा, आलाच आहात तर एकदा दाखवून घेऊ. डॉक्टरीणबाई वयानं शिवगंगेएवढ्याच. सोनोग्राफी झाली, रक्त घेतलं, आणि संध्याकाळी बाईंनी विचारलं, "काका, दारू किती घेता?"

मी सदऱ्याचं बटण काढून गळ्यातलं इष्टलिंग दाखवलं. आम्हा लिंगायतांना दारू वर्ज्य. पन्नाशी कधीच उलटली, पण हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता.

"रागावू नका, विचारावं लागतं," बाई म्हणाल्या. "लिव्हरवर चरबी चढली आहे. न पिणाऱ्यांनाही चढते. काम काय करता?"

"उदगीरला धान्याच्या मोंढ्याजवळ खानावळ आहे. बायको रांधते, मी गल्ल्यावर बसतो."

"म्हणजे बसूनच असता. आणि जेवण घरचंच, पाहिजे तेवढं."

बाईंनी सांगितलं, वजन हळूहळू उतरवा, तळण, साखर, मीठ कमी करा, रोज चाला. बीपीची गोळी मात्र चुकवू नका. तीन महिन्यांनी परत या. लिव्हरसाठी त्यांनी वेगळी गोळी दिली नाही. आजार आहे आणि औषध नाही, हे काही माझ्या मनाला पटलं नाही.

बाहेर आल्यावर मी शिवगंगेला बजावलं, तुझ्या आईला यातलं काही सांगायचं नाही. दानम्माचा धाकटा भाऊ मडिवाळप्पा दारूपायी लिव्हर जाऊन गेला. शेवटी पोट माठासारखं झालं होतं. ती त्याच्या उशाशी बसून होती. तेव्हापासून तो शब्द आमच्या घरात कोणी उच्चारत नाही. आणि दुसरं म्हणजे, जिनं आयुष्यभर आग्रह करून वाढलं, तिला कोणत्या तोंडानं सांगू की तुझ्या ताटानं मला हे झालं?

शिवगंगा लगेच "बरं अप्पा" म्हणाली. पोरगी समजूतदार आहे.

१४ जानेवारी, गुरुवार. उदगीर

जळकोटवरून येणारी एसटी उशिरा पोचली. दानम्मानं विचारलं, काय म्हणाले डॉक्टर. मी म्हणालो, गॅसेस आहेत. तिनं माझ्याकडं जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "बरं. हात धुवा."

आज भोगी. बाजरीची भाकरी होती, पण लोणी नव्हतं. संपलं म्हणे. तीस वर्षांत भोगीला आमच्या घरातलं लोणी संपलेलं मला आठवत नाही. दुष्काळ आहे, म्हशींना चारा नाही, लोणी कुठून येणार.

२२ जानेवारी, शुक्रवार

हणमंत मोंढ्यात मुनीम आहे आणि रोज आमच्याकडं जेवतो. त्याला आडवळणानं विचारलं. म्हणालो, माझ्या ओळखीच्या एका माणसाच्या लिव्हरवर चरबी आहे, बीपीपण आहे, पण दारू घेत नाही.

हणमंत म्हणाला, "दारू न्हाई तर मग गोळ्यानंच झालं असंल. सगळ्या गोळ्या लिव्हरमधीच जातात की. रोजची गोळी म्हंजे रोजचं जहरच."

तो जेवून गेल्यावर मी विचार करत बसलो. गोळी मी बऱ्याच वर्षांपासून घेतो. सकाळी गल्ला उघडला की पहिलं काम ते. आणि इतक्या वर्षांनी लिव्हर बिघडलं. हिशेब जुळतो. बाईंनी वेगळं औषध दिलं नाही ते यामुळंच असेल. त्यांना वाटलं असेल, आधीच गोळ्या फार आहेत.

आज गोळी घेतली नाही. पाकीट ड्रॉवरमध्ये मागं सारून ठेवलं.

३१ जानेवारी, रविवार

गोळी बंद करून आठवडा होऊन गेला, काही झालं नाही. म्हणजे ती लागतच नव्हती.

प्रजासत्ताक दिनाला उदगीर जिल्हा होणार म्हणून गावात मोठी चर्चा होती. झाला नाही. हणमंत म्हणतो आता आंदोलन करावं लागेल. जिल्हा झाला तर मोठा सरकारी दवाखाना येईल, साध्या तपासणीला लातूर नांदेड करावं लागणार नाही, हे त्याचं म्हणणं बरोबर आहे.

नळाला पाणी येऊन किती दिवस झाले ते आता कोणी मोजत नाही. दानम्मानं खानावळीत ताटांऐवजी पत्रावळी सुरू केल्या. भजी, पुऱ्या, तळलेल्या मिरच्या, सगळं बंद केलं. तेलाची कढई घासायला पाणी लई लागतं, म्हणाली. मला पटलं. बाईचं डोकं चालतं. गिऱ्हाइकांनी पण कुरकुर केली नाही. लोणचं मात्र का बंद केलं ते कळलं नाही. लोणच्याला कुठं पाणी लागतं?

१० फेब्रुवारी, बुधवार

टँकरच्या पाण्यानं डाळ शिजत नाही. रेल्वे फाटकापलीकडं कमलम्माच्या मळ्यातल्या विहिरीला अजून पाणी आहे आणि ती माउली नाही म्हणत नाही. दानम्मानं फर्मान काढलं, रोज सकाळी आपण दोघांनी चालत जाऊन स्वयंपाकापुरतं आणायचं. मी म्हणालो, स्कूटरवर आणतो. "स्कूटरवर हिंदकळतं. अर्धं सांडून येतं," म्हणाली.

पहिले चार दिवस पाय भरून आले. आता जमतं. तिच्या कडेवर कळशी, माझ्या हातात कॅन. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघंच असे कधी चाललो नव्हतो. तिला चूल आणि मला गल्ला. चालताना ती बरंच बोलते, हे मला माहीत नव्हतं. कमलम्माच्या बांधावर कोणत्या बोरीची बोरं गोड, हे तिला माहीत आहे. आज एक बोर पुसून माझ्या हातात ठेवलं.

मग आपणहून मडिवाळप्पाचा विषय काढला. मी कॅन या हातातून त्या हातात घेतला.

"मी लई बोलायचे त्याला," ती म्हणाली. "रोज विचारायचे, रोज भांडायचे. मग त्यानं मला सांगणंच सोडलं. पाय सुजले तरी पायजम्यात झाकून ठेवायचा. कळलं तवा काही उरलं नव्हतं."

"जाऊ दे," मी म्हणालो.

"जाऊ देऊनच राहिले. पण आता मी कुणाला खोदून विचारत न्हाई बघा. ज्याचं त्यानं सांगावं. मी ऐकून घेईन. भांडणार न्हाई."

एवढं बोलून माझ्याकडं बघत उभी राहिली. मी म्हणालो, चल, ऊन वर आलं.

घरी आल्यावर वाटलं, बरं झालं हिला काही सांगितलं नाही. भावाची आठवण अजून किती ओली आहे. त्यात माझी भर कशाला.

२ मार्च, बुधवार

चहात साखर नाही. दानम्मा म्हणते, मुंग्या झाल्या, सगळी साखर फेकून दिली. ती स्वतःपण बिनसाखरेचाच पिते आणि तोंड वाकडं करत नाही, म्हणून मलाही बोलता येईना.

दुपारी गुपचूप पंढरीच्या चहाच्या टपरीवर गेलो. खानावळीला दूधही तोच घालतो. पंढरीनंही मला बिनसाखरेचाच दिला. "काका, साखर संपली," म्हणाला. शेजारचा हमाल मात्र त्याच किटलीतला चहा मिटक्या मारत पीत होता. पंढरीला विचारलं तर म्हणाला, हमालाच्या कपात शेवटची होती. लातूर जिल्ह्यात इतके कारखाने असून टपरीवर साखर मिळू नये, म्हणजे दुष्काळ किती खोल गेला बघा.

८ मार्च, मंगळवार

काल महाशिवरात्रीचा उपास. सकाळपासून मान आणि डोक्याची मागची बाजू ठणकत होती. पूजेला बसलो तेव्हा नाकातून थोडं रक्त आलं. उन्हानं झालं. भस्माचा हात तसाच नाकाला लावला, दानम्माला दिसलं नाही.

२४ मार्च, गुरुवार

पँट कमरेला ढिली झाली. पट्ट्याला नवीन भोक पाडून घेतलं. बरगडीखालचा दगडपण जाणवत नाही. गोळी बंद केल्याचा गुण. हणमंतानं बाजारातून कसला तरी कडू काढा आणून दिला होता, तोही आठवडाभर घेतला. डोकं तेवढं दुखतं. रात्री झोप लागत नाही, कानात शिट्टी वाजल्यासारखं होतं. ऊन फारच आहे यंदा.

८ एप्रिल, शुक्रवार. पाडवा

होळगी केली होती. एकच आली पानात, तीही तळहाताएवढी, तूप थेंबभर. दुसरी मागितली. "पुरण तेवढंच शिजवलं," म्हणाली, आणि आत गेली. डोळे पुसत होती असं वाटलं. सणाला नवऱ्याला पोटभर वाढता येत नाही याचं तिला वाईट वाटत असेल. मी हाक मारून सांगितलं, एक बस्स झाली, पोट भरलं. त्यावर ती आणखीच रडली.

१७ एप्रिल, रविवार. लातूर, दवाखाना

डावा हात अजून जड आहे. उजवा शाबूत आहे म्हणून हे लिहितो. डायरी शिवगंगेला सांगून मागवून घेतली.

सोमवारी तहसीलसमोर जिल्ह्यासाठी धरणं होतं. मांडव होता, तरी झळा लागत होत्या. व्यापाऱ्यांतर्फे दोन शब्द बोला म्हणून मला उभं केलं. माइक हातात घेतला आणि "उदगीरकर बंधूंनो" म्हणायला गेलो, तर जीभच वळेना. तोंडात कापूस कोंबल्यासारखी. लोकांना वाटलं मी गहिवरलो. दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. हणमंताला माझं तोंड एका बाजूला ओढलेलं दिसलं. त्यानं धावत येऊन मला धरलं, तोवर माइक हातातून पडला होता.

दानम्मा तव्यावरची भाकरी तशीच सोडून आली. हातांना पीठ होतं. उदगीरच्या डॉक्टरांनी लगेच लातूर गाठा म्हणून सांगितलं. जीपमध्ये माझं डोकं तिच्या मांडीवर होतं. मला तिचं नाव घ्यायचं होतं. नुसतं "दा, दा" येत होतं. ती म्हणत होती, "हाव, इथंच हाय मी. बोलू नका. इथंच हाय." वाळलेलं पीठ माझ्या कपाळावर पडत होतं आणि ती ते फुंकून काढत होती.

इथले डॉक्टर वयस्कर आणि शांत आहेत. मेंदूचा फोटो काढला. म्हणाले, लहानशी गुठळी, वेळेत आणलंत. पण बीपी भयंकर वाढलेलं होतं. दुसऱ्या दिवशी माझी जीभ जरा सैल झाली तेव्हा त्यांनी दानम्माला विचारलं, "बीपीची गोळी रोज घेतात ना?"

"हाव," ती म्हणाली. "रोज. दुकान उघडलं की पहिलं तेच करत्यात. एक दिवस चुकवत न्हाईत."

किती खात्रीनं म्हणाली. मी तिच्याकडं पाहिलं. तिच्या त्या खात्रीवर गप्प राहायचं मला जमलं नाही. जड जिभेनं म्हणालो, "न्हाई. जानेवारीपासून बंद केली."

डॉक्टरांनी विचारलं, "का हो?"

"लिव्हर," मी म्हणालो. शब्द सुटला तोंडून. "लिव्हरवर चरबी हाय. गोळीनं आणखी बिघडंल म्हणून."

मला वाटलं, आता ही खाली बसते. पण ती नुसती पदराशी चाळा करत उभी होती. मग अगदी हळू म्हणाली, "लिव्हरचं मी बघून राहिले होते की. तुम्हाला एक गोळी तेवढी गिळायची होती."

शिवगंगेनं नांदेडहून तपासणीच्याच संध्याकाळी तिला फोन केला होता म्हणे. मी एसटीत बसायच्या आधीच घरातलं लोणी शेजारी गेलं होतं.

१८ एप्रिल, सोमवार. लातूर

पडल्या पडल्या एकेक गोष्ट उलगडते आहे. कढई. लोणचं. कमलम्माची विहीर. पंढरीला तर दम भरला होता तिनं, काकांच्या कपात साखर पडली तर खानावळीचं दूध तुझ्याकडून घेणार न्हाई म्हणून. मी गोळी बंद केल्याचा गुण समजत होतो, तो सगळा तिचा होता.

डॉक्टर सकाळी खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "बीपी आणि लिव्हरवरची चरबी ही एकाच घरातली माणसं. एकाला सांभाळायला दुसऱ्याला उपाशी ठेवून चालत नाही. तुमच्या त्या गोळीनं लिव्हर बिघडत नव्हतं. शंका होती तर येऊन विचारायचं. काढे मात्र घेऊ नका, त्यात काय असतं ते कोणालाच माहीत नसतं. लिव्हरला खरा त्रास त्यांचाच होऊ शकतो." आता रक्त पातळ राहण्याची एक आणि कोलेस्टेरॉलची एक गोळी वाढली. मी लिव्हरचं विचारलंच. रक्ताचा रिपोर्ट पाहूनच दिली आहे, म्हणाले. आणि हेही म्हणाले की नांदेडच्या रिपोर्टपेक्षा आताचा चांगला आहे, वजन उतरल्याचा फायदा दिसतो. हे ऐकताना दानम्मा खिडकीबाहेर बघत होती.

हणमंत आला. खाली मान घालून बसला. "मी आपलं ऐकलेलं बोललो, अप्पा," म्हणाला. मी म्हणालो, मला तेच ऐकायचं होतं. गोळी सोडायला मला कोणाचं तरी निमित्त पाहिजे होतं. त्याच्यावर राग नाही.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं. वॉर्डात सगळे तेच बोलतात. दवाखान्यात टँकर येतो, नातेवाईक बाटल्या घेऊन रांगेत उभे राहतात. दानम्मापण उभी राहते. मी इथं पडून तिची वाट बघतो. एवढी वाट मी तिची कधी बघितली नव्हती.

२० एप्रिल, बुधवार. लातूर

आज तिला विचारलं, तुला माहीत होतं तर बोलली का नाहीस?

बराच वेळ ती बाटलीचं झाकण लावत आणि काढत बसली. "तुम्ही सांगाल, तुम्ही सांगाल म्हणत राहिले. रोज चालताना वाटायचं, आज सांगतील. बोरीपाशी तर तोंडाशी आणून ठेवलं होतं तुमच्या." मग म्हणाली, "चुकलंच माझं. खडसून विचारायला पाहिजे होतं. मडिवाळाला बोलून गमावलं. तुमच्या वक्ताला गप्प बसून गमावत होते."

मी तिचा हात धरायला गेलो. डावा हात होता, तो अर्ध्यातच थांबला. तिनंच पुढं होऊन धरला.

मग मी नर्सबाईंना म्हणालो, हिचं पण बीपी बघा. दानम्मा म्हणाली, मला काय झालंय. पण पट्टा बांधू दिला. वरच्या काठावर आहे. मीठ कमी करा, महिन्याला तपासा, असं सांगितलं. इतकी वर्षं ती माझ्या पुढ्यात उभी होती आणि तिचं कोणी कधी मोजलं नव्हतं. मीपण नाही.

१० मे, मंगळवार. उदगीर

काल बसव जयंती झाली. मिरवणुकीत चाललो, थोडंसंच. खानावळ परत सुरू केली. गोळ्या आता गल्ल्यात नसतात, स्वयंपाकघरात फळीवर असतात. सकाळी ती बघते आणि मी गिळतो. बीपी काल बरं होतं. जिल्ह्याचं काही झालं नाही. हणमंत म्हणतो पुढच्या वर्षी नक्की. आता मी बोलायला उभा राहणार नाही, नुसता बसेन.

डाव्या हाताला ताकद यावी म्हणून डॉक्टरांनी चेंडू दाबायला सांगितला आहे. दानम्मा म्हणाली, चेंडू कशाला, पीठ मळा. म्हणून आता दुपारची गर्दी सरली की मी आत जातो. इतक्या वर्षांत त्या चुलीपाशी मी पाणी मागण्यापुरताच गेलो असेन. ती ज्वारीचं पीठ काठवटीत घालून गरम पाणी ओतते आणि मी मळतो. बोटं ऐकत नाहीत. पीठ मनगटापर्यंत चिकटतं. ती हसत नाही. एकदा हसली, पण तोंड फिरवून.

१६ मे, सोमवार

आज भाकरी थापली. तिनं नुसतं बघायचं आणि हात लावायचा नाही, अशी अट मी घातली होती. उजव्या हातानं थापायची आणि डाव्यानं फिरवायची. डावा मागं राहायचा, म्हणून एक बाजू जाड, एक बाजू पातळ, कडा चिरलेल्या. तव्यावर टाकताना घडी पडली. फुगली नाही. एका जागी करपली.

मी म्हणालो, ही गाईला घाल.

दानम्मानं पत्रावळ घेतली, ती भाकरी तिच्यावर ठेवली, बाजूला वाटीभर डाळ घेतली आणि माझ्यासमोरच बसली. सगळ्यांचं झाल्यावर आतल्या कोपऱ्यात जेवणारी बाई. आज माझ्यापुढं मांडी घालून पहिला घास तिनं घेतला. सावकाश चावला. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. एवढी वर्षं ती वाढून झाल्यावर माझ्याकडं कशी बघत असेल, ते तेव्हा कळलं.

"कशी झाली?" मी विचारलं.

"कच्ची राहिली मधी," म्हणाली. पण सगळी खाल्ली. करपलेला तुकडासुद्धा डाळीत मोडून खाल्ला. मग पत्रावळ दुमडून म्हणाली, "आणखी एक टाका. भूक हाय मला."